आधी महिना सांगा : सावलीतल्या पानांच्या झाडांची तीच ती तक्रार

"कॅलेथियाच्या पानांच्या कडा करपतायत, काय फवारू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कधीपासून?" विचारणारा जरा वैतागतोच. त्याला औषधाचं नाव हवं असतं आणि मी महिना विचारत बसते. पण सावलीतल्या झाडांचा महिना कळला की निम्मं निदान झालेलं असतं. हे मी बरीच झाडं मारून शिकले आहे.

आमच्या सोसायटीच्या उत्तरेला, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे, दहाएक फूट रुंदीचा पट्टा आहे. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत असतो तसाच : एका टोकाला आंबा, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी आणि मधे काहीही न येणारी जागा. तिथे गुलाब लावून झाले, जास्वंद लावून झाली, मोगऱ्याने तर वर्षभरात एक कळी दिली. मग फुलं नाहीत तर पानं तरी, म्हणून अग्लोनिमा, कॅलेथिया, मरांटा, कॅलेडियम, सिंगोनियम आणि थोडे नेचे आणले. पहिली चार वर्षं दरवर्षी निम्मी झाडं जायची, आम्ही वर्गणी काढून नवीन आणायचो आणि प्रत्येक वेळी नवं औषध मारायचो. पाचव्या वर्षी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारीच झाडांची मरणं मांडायला सुरुवात केली. वर्ष संपल्यावर पानं उलटून पाहिली तर मरणं वर्षभर विखुरलेली नव्हतीच. तीन झुबके होते : एप्रिल-मे, जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी. झाडं वेगवेगळी, महिने तेच. म्हणजे झाडांपेक्षा जागेत काहीतरी बदलत होतं.

एप्रिल-मे : उत्तरेच्या पट्ट्यात ऊन

या झुबक्याने मला सगळ्यात जास्त छळलं, कारण तो पटतच नव्हता. पट्टा उत्तरेचा, दक्षिणेला चार मजली इमारत आडवी उभी. ऊन येणार कुठून? तरी दर एप्रिलअखेर अग्लोनिमाच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडायचे आणि आठवडाभरात ते तपकिरी, कुरकुरीत व्हायचे. बुरशी समजून मी दोनदा बुरशीनाशक मारलं.

मग एकदा खाली बसून एक पान नीट पाहिलं. डाग पानाच्या मधोमध होता, पण त्याची एक कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती आणि पुढे निमुळती होत गेली होती. वरचं पान हाताने खाली दाबलं, तर त्याचं टोक खालच्या पानाच्या न करपलेल्या भागावर तंतोतंत बसलं. वरच्या पानाची सावली पडत होती तेवढाच भाग हिरवागार राहिला होता. बुरशी अशी सावलीची मर्यादा पाळत नाही. ते ऊनच होतं.

शून्य सावलीचा दिवस आपण मुलांना गच्चीवर नेऊन दाखवतो, पण त्याचा बागेशी संबंध जोडत नाही. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा येतो. या दोन तारखांच्या मधले अडीच महिने तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या उत्तरेला असतो. त्याच्या आधीही, साधारण २० एप्रिलला, सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन उत्तरेच्या बाजूनेच तिरपं येतं. सकाळचं कोवळं असतं, त्याने काही बिघडत नाही. चारनंतरचं मात्र तापलेल्या भिंतीवरून आणि फरशीवरून परतून येतं, आणि आठ महिने थेट ऊन न पाहिलेली पानं ते सोसू शकत नाहीत. जून-जुलैत खरं तर सूर्य आणखी उत्तरेला असतो, पण तेव्हा ढग असतात म्हणून झाडं वाचतात. कोल्हापूरला हे चक्र आठवडाभर आधी सुरू होतं, नागपूरला दहा-बारा दिवस उशिरा.

म्हणून सावली तपासायची असेल तर ती एप्रिलअखेर, दुपारी साडेचार वाजता तपासा. जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. बोटांची सावली ठळक उमटली तर ही जागा त्या वेळेपुरती उन्हाची आहे. कडा पुसट असतील तर बहुतेक पानांच्या झाडांना ती उत्तम. सावलीच पडत नसेल तर तिथे झेडझेड आणि स्नेक प्लांटपलीकडे फार काही जगणार नाही, आणि तीसुद्धा नुसती तग धरून राहतील. नर्सरीतून झाडं आणायची आणि जागा ठरवायची हौस आपल्याला डिसेंबरात येते. त्या दिवसांत सूर्य पार दक्षिणेला असतो आणि उत्तरेचा पट्टा गुहेसारखा वाटतो. फसवणूक तिथेच होते.

उपाय साधा निघाला. पट्ट्याच्या वायव्येला, कंपाउंडच्या भिंतीपासून वर, ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट उभं बांधलं. डोक्यावर छतासारखं नाही, पडद्यासारखं उभं, कारण ऊन तिरपं येतं. पाडव्याच्या आसपास बांधायचं आणि वटपौर्णिमेच्या सुमारास पाऊस लागला की काढायचं. काढायला विसरलात तर पावसाळ्यात त्यामागे हवा कोंडते आणि पुढचा त्रास ओढवून घेता. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण पान निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर कापू नका. उरलेला हिरवा भाग झाडाला पोसत असतो.

कडा करपणं हे प्रकरण निराळं

डाग मधोमध असेल तर ऊन. पण शेंड्यापासून सुरू होऊन कडेकडेने तपकिरी पट्टी सरकत असेल, जुन्या पानांवर जास्त आणि नव्यांवर कमी, तर पाण्याकडे बघा. पाणी किती घालता यापेक्षा कुठलं घालता ते महत्त्वाचं.

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंच्या कॅलेथिया दर उन्हाळ्यात अशा व्हायच्या. खत बदललं, माती बदलली, कुंडीही बदलली. एकदा सकाळी मी दारातच होते, तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बादली घेऊन आल्या.

"काकू, हे कुठलं पाणी?"

"अगं, त्या आरओचं. केवढं वाया जातं ते मशीन! झाडांना तरी मिळू दे बिचाऱ्यांना."

हेतू चांगला, पण आरओ जे क्षार पिण्याच्या पाण्यातून काढतं ते सगळे या वाया जाणाऱ्या पाण्यात उतरलेले असतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून पाहिला : बोअरचं पाणी सहाशेच्या पुढे आणि बादलीतलं हजार ओलांडून गेलेलं. पुण्यात धरणाचं नळाचं पाणी तसं हलकं असतं, पण उन्हाळ्यात टँकर आणि बोअर मिसळले की गणित बिघडतं. त्यात सावलीतलं झाड पाणी हळू पितं, उरलेलं उडून जातं आणि क्षार कुंडीतच साचत राहतात. मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसते ना, तोच तो हिशेब. कॅलेथिया, मरांटा, ड्रॅसिना आणि स्पायडर प्लांट यांना हा त्रास लवकर होतो. मनी प्लांट आणि सिंगोनियम पुष्कळ सोसतात, म्हणून "माझ्या मनी प्लांटला तर काही होत नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

आरओचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ठेवा. कुंडी धुऊन काढायची असेल तर ती मोरीत ठेवून तिच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट साधं, हलकं पाणी सावकाश ओता आणि पूर्ण निथळू द्या. जूनमधला पहिला जोराचा पाऊस हे काम फुकट करतो, म्हणून घरातल्या कॅलेथिया मी त्या दिवशी तासभर बाहेर काढते. बघणारे हसतात.

कडा करपण्याचं दुसरं कारण कोरडी हवा. ते पुण्या-नगर-सोलापूरकडे, एप्रिलच्या दुपारी. ओळख अशी की नवं पान उलगडताना मधेच अडकतं, सुरळीच्या कडा वाळून एकमेकींना चिकटलेल्या असतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, तुमच्याकडे हवेला ओलावा पुष्कळ आहे. बाकीच्यांसाठी : दिवसातून चार वेळा फुसफुस करून पाणी फवारण्याने फारसा फायदा होत नाही. दहा मिनिटांत ते उडून जातं आणि पानांवर पाण्याचे डाग तेवढे राहतात. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, खाली खडी घातलेल्या परातीत पाणी ठेवा (कुंडीचं बूड पाण्याला लागता कामा नये), आणि जमिनीवर वाळक्या पानांचा जाड थर पसरा. आणि कॅलेथिया एकट्याच हव्या असतील तर सरळ बाथरूमच्या खिडकीत ठेवा. आमच्याकडची सगळ्यात देखणी कॅलेथिया तिथेच आहे, फक्त पाहुण्यांना दाखवता येत नाही.

जुलै-ऑगस्ट : पाण्यात उभं राहून मान टाकलेलं झाड

ऑगस्टमधली सकाळ, रात्रभर पाऊस झालेला. पट्ट्यातला सगळ्यात मोठा अग्लोनिमा मान टाकून उभा होता. खालची तीन पानं पिवळी, वरची मलूल. माळीमामा पाईप घेऊन आले.

"पाणी कमी पडलंय, ताई. वरच्या गॅलरीमुळं इथं पाऊस पोचत नाही."

मी मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत चिखल. "मामा, उपटून बघू या."

कुंडी आडवी केली. दोघांनी मिळून ओढलं आणि झाड एकदम हातात आलं, इतकं सहज की मामा मागे बसले. कुंडीत शिरायला हवी होती ती मुळं कुंडीत नव्हतीच. बाहेरच्या बाजूला आम्ही भरलेलं सैल कोकोपीट होतं आणि मधे नर्सरीतून आलेला चिकणमातीचा गोळा, क्रिकेटच्या बॉलसारखा घट्ट. तो फोडला तर आत काळी मुळं. एक चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढा धागा राहिला. मामांनी गोळा नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं. "कांद्याच्या चाळीत सडका कांदा निघतो ना, तसलाच वास."

बोटाने साल सुटणं आणि वास, या दोन खुणा पटल्या की मुळकूज. झाड मान टाकतं ते तहानेने हे खरंच आहे, पण तहान लागते पाणी ओढणारी मुळीच उरली नाही म्हणून. वरून आणखी पाणी घातलं की उरलेलीही जाते. मुळांना हवा लागते. उन्हातलं झाड एका दिवसात जेवढं पाणी पानांवाटे उडवतं, तेवढ्याला सावलीतल्या झाडाला कितीतरी दिवस लागतात, आणि पावसाळ्यात हवाच ओली असल्याने तेही थंडावतं. कुंडीतलं पाणी आठवडाभर तसंच राहतं. सावलीत झाडं उपाशी किंवा तहानलेली मरत नाहीत असं नाही, पण माझ्या कॅलेंडरवरच्या फुल्यांमधल्या बहुतेक बुडालेल्यांच्या आहेत.

वाचवायचं कसं? काळी, मऊ मुळं कापून टाकायची, पांढरी किंवा निदान टणक मुळी दिसेपर्यंत. ब्लेड प्रत्येक कापाआधी स्पिरिटने पुसायचं. बुंधा दाबून पाहायचा. तोही मऊ असेल तर खालचा भाग वाचत नाही, मग वरून टणक भाग पाहून तीन-चार पानांसकट शेंडा कापायचा आणि पाण्यात ठेवायचा. अग्लोनिमाला पाण्यात मुळं सहज फुटतात, पाणी फक्त दोन-तीन दिवसांनी बदलत राहायचं. मुळं थोडी तरी शिल्लक असतील तर कापलेला भाग दिवसभर सावलीत सुकू द्या, कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पाण्यात (लिटरला अडीच-तीन ग्रॅम) पाचेक मिनिटं बुडवा आणि पहिल्यापेक्षा लहान कुंडीत लावा. लहान, कारण मोठ्या कुंडीतली जादा माती म्हणजे न पिलेलं पाणी. कापावर हळद लावणारे पुष्कळ आहेत. मीही लावते, सवयीने. पण सडलेली मुळं न कापता वरून हळद भुरभुरली तर काही होत नाही. ट्रायकोडर्मा नंतर, माती भरताना घाला, आणि कॉपरनंतर लगेच नको, पंधरा दिवस जाऊ द्या. नाहीतर त्या उपयोगी बुरशीलाच आपण मारतो.

हे सगळं करण्यापेक्षा नवं रोप आणल्या दिवशी एक काम करा : तो चिकणमातीचा गोळा पाण्याच्या बादलीत अर्धा तास भिजवून बोटांनी हलके सोडवा. लांबून ट्रकने येणाऱ्या रोपांना असा गोळा बांधलेला असतो, तो प्रवासासाठी ठीक आहे. तो तसाच पुरला की पाणी बाहेरच्या कोकोपीटमध्ये फिरतं आणि गोळा एकतर कोरडा ठाक राहतो नाहीतर एकदा भिजला की महिनाभर वाळत नाही.

मातीचं मिश्रण मी असं करते : दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग भाताची जळकी तुसं आणि एक भाग विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे. काळी माती चमचाभरही नाही. कोकोपीट आधी दोन पाण्यांत धुऊन घ्यायचं, त्यात मीठ असतं. कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा खापऱ्यांचा जाड थर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याने पाणी लवकर निचरत नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थराशी येऊन थबकतं आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ, वर सरकतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पुरे. तुकडे घालायचेच असतील तर सगळ्या मातीत मिसळून घाला.

बाकी पावसाळ्याआधीची कामं : कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवायच्या, खालच्या ताटल्या काढून टाकायच्या (डासही कमी होतात), आणि पागोळ्या कुठे पडतात ते पाहायचं. छपराच्या पागोळीच्या रेषेत ठेवलेली कुंडी पावसात नव्हे, नळाखालीच ठेवलेली असते. जमिनीतल्या झाडांसाठी काळ्या मातीत खड्डा करून चांगली माती भरू नका, तो खड्डा पावसात हौद होतो. वर आठ-नऊ इंचांचा वाफा उचला.

आणि मामांशी बोलून ठेवा. आमचे मामा महिन्याच्या पगाराला पाणी घालतात, म्हणून पाऊस असो नसो, सकाळी पाईप चालू. त्यांना काम सोडलं असं वाटू नये म्हणून आता जून ते सप्टेंबर पट्ट्यातली वाळकी पानं काढणं आणि शंखी गोगलगाई वेचणं हे काम त्यांच्याकडे आहे. गोगलगाईंचं एवढंच सांगते : पानाच्या मधोमध वेडीवाकडी भोकं आणि फरशीवर चकाकणारी रेष दिसली की कीटकनाशक आणू नका. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट पसरा, पहाटे उचला, खाली जमलेल्या हातमोजा घालून साबणाच्या पाण्यात टाका. मातीवर मीठ टाकू नका, त्याने गोगलगायीबरोबर झाडही जातं. विषारी गोळ्याही नकोत, सोसायटीत कुत्री-मांजरं असतात.

डिसेंबर-जानेवारी : मेलेलं आणि झोपलेलं

या झुबक्यातली अर्धी मरणं खोटी होती, हे कळल्यावर मला हसावं की रडावं ते कळेना. ती सगळी कॅलेडियम होती.

कॅलेडियम म्हणजे आपल्या अळूचा दक्षिण अमेरिकेतला रंगीत भाऊबंद. त्याला जमिनीखाली कंद असतो. पावसाळाभर गुलाबी-पांढरी पानं मिरवतो आणि दिवाळीनंतर एकेक पान लोळवत, महिन्याभरात कुंडी मोकळी करून टाकतो. आम्ही चार वर्षं त्या कुंड्या रिकाम्या करून माती दुसरीकडे वापरली, कंदांसकट. शेतात हळदीचा पाला पिवळा पडला की आपण "काढणीला आली" म्हणतो, आणि कुंडीत कॅलेडियमचा पडला की "मेलं". सह्याद्रीत सापकांदाही पावसाळा संपला की असाच जमिनीखाली जातो, त्याला कुणी मेला म्हणत नाही.

पानं लोळायला लागली की पाणी कमी करत थांबवा. कुंडी पावसापासून आणि माळीमामांच्या पाईपपासून दूर, आडवी करून ठेवा. आडवी अशासाठी की येणाजाणाऱ्याने कळवळून पाणी घालू नये. एप्रिलअखेर उभी करा, बेताचं पाणी सुरू करा. कंद काढून ठेवले असतील तर डोळे वर करून दोन इंच खोल लावा. मेच्या शेवटी सुरळीसारखे कोंब दिसतात. न दिसले तर घाई नको, पहिल्या पावसापर्यंत थांबा. हात लावताना अळूसारखीच खाज येते, आणि लहान मुलं किंवा कुत्री पानं चावणार असतील तर ही मंडळी, अग्लोनिमासकट, त्यांच्या पोहोचेबाहेर हवीत.

खरी मरणं अग्लोनिमाची होती. पुण्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा त्याच्या पानांवर राखाडी, तेलकट दिसणारे डाग पडतात. त्यात गच्चीवरच्या टाकीतलं गार पाणी सकाळी सातला घातलं की मुळंही गारठतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी पाणी दहा-बारा दिवसांनी घालते, बोट कोरडं निघालं तरच, आणि दुपारी अकरानंतर. कुंड्या इमारतीच्या भिंतीला चिकटवून ठेवायच्या, भिंत रात्रभर थोडी ऊब देते. खत अजिबात नाही. खत फक्त जून ते ऑक्टोबर, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा. सावलीतल्या झाडाला याहून जास्त दिलं तर ते वापरतच नाही, आणि पुन्हा कडा करपल्याची तक्रार घेऊन तुम्ही येता.

आंब्याखालची काजळी

हा चौथा, छोटा झुबका, मरणांचा नव्हे तर तक्रारींचा, फेब्रुवारी-मार्चचा. आंब्याखालच्या सगळ्या पानांवर काळा थर, हाताला चिकट. झाड कुठलंही असो. हा रोग खालच्या झाडांचा नाहीच. आंबा मोहरला की मोहोरावर तुडतुडे येतात, त्यांचा गोड चिकटा खाली ठिबकतो आणि त्यावर काजळी वाढते. तीच चिकट ठिपक्यांची रांगोळी खाली लावलेल्या स्कूटरच्या सीटवरही दिसेल, तेव्हा खात्री करायला तिकडे बघा. ओल्या फडक्याने पानं पुसा, आठवड्यातून एकदा. मोहोर गळाला की थांबतं. मात्र चिकटा आंब्याखालच नसून एकाच झाडावर असेल, तर पानाच्या देठाच्या खोबणीत पिठ्या ढेकूण शोधा. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा, नंतर आठवड्याने निंबोळी तेल (लिटर पाण्यात पाच मिली, थोडा पातळ साबण घालून, उन्हं उतरल्यावर).

आंब्याखाली जमिनीत काही लावायच्या भानगडीत पडू नका. आंब्याची मुळं सगळं पाणी ओढतात आणि आपण खोदलं तर तीच तुटतात. कुंड्या ठेवा, त्याही दर काही महिन्यांनी उचलून पाहा. भोकातून आंब्याची मुळी आत शिरलेली असते.

रंग उडणं

याला महिना नाही. लाल अग्लोनिमा फिकट, पांढऱ्या ठिपक्यांचं सिंगोनियम हिरवं : उजेड कमी पडतोय. लाल जाती हिरव्यांपेक्षा उजेडाच्या जागी हव्यात. पूर्ण हिरवी फांदी आली तर ती सांध्यापासून कापा, कारण हिरवा भाग जास्त अन्न करतो, जोरात वाढतो आणि रंगीत भागाला मागे टाकतो. क्रोटन सावलीत ठेवून "रंग का येत नाही" विचारू नका, तो उन्हाचा गडी आहे.

परदेशातल्या बागांचे व्हिडिओ पाहून होस्टा मागवणाऱ्यांना एकच सांगते : त्याला हिवाळ्यात खरी थंडी लागते, आठवडेच्या आठवडे. इंग्लंड-अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांकडे तो मस्त फोफावतो, इथे दोन वर्षांत खंगतो. त्याच्याऐवजी कॅलेडियम लावा, सांगितलं तसं झोपू द्या.

रेक्स बिगोनियाचं कॅलेंडर मात्र मला अजून लागलेलं नाही. तीन आणले. एक एप्रिलमध्ये गेला, एक जुलैत आणि एक नोव्हेंबरात, हवा उत्तम असताना, काही कारण न सांगता. मामा म्हणाले, "ताई, त्याला महाबळेश्वर पायजे." चौथा आणायचा नाही असं ठरवलंय. नर्सरीत गेले की त्या रांगेपुढून जाताना मान दुसरीकडे वळवावी लागते, एवढंच.